अंगणातलं अश्मयुग

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. इथल्या शिवारात डायनोसॉरची हाडं सापडली आहेत, आणि हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही. हे ऐकून मुलं आधी नाक मुरडतात, मग खिदळतात आणि मग कान टवकारून पुढचं विचारतात. पुढचं खरंच ऐकण्यासारखं आहे. डायनोसॉरच्या काळात गवत उगवलेलंच नव्हतं, असा शास्त्रज्ञांचा बराच काळ समज होता. २००५ मध्ये पिसदुऱ्याच्या या विष्ठेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण होते. विदर्भातल्या त्या अजस्र प्राण्यांनी गवत खाल्लं होतं आणि त्याचा पुरावा मागे ठेवला होता.

प्लास्टिकचे डायनोसॉर गोळा करणाऱ्या, त्यांची लांबलचक नावं घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना पिसदुरा मात्र क्वचितच ठाऊक असतं. त्यांच्या मनातला प्रागितिहास अमेरिकेच्या वाळवंटात किंवा सिनेमाच्या पडद्यावर घडतो. तो आपल्या पायाखाली आहे, नदीकाठच्या दरडीत आहे, घाटातल्या काळ्या कातळात आणि कोकणच्या सड्यावर आहे, हे त्यांना दाखवायला उन्हाळ्याच्या सुट्टीसारखा वेळ नाही. त्यासाठी फार पैसा लागत नाही. सुतळी, माती, गेरू, दोन-चार गारगोट्या आणि सकाळी लवकर उठायची तयारी एवढ्यावर अख्खी सुट्टी रंगते.

सुरुवात चालण्यापासून

डायनोसॉर आणि आदिमानव एकाच वेळी नांदत होते, असं पुष्कळ मुलांना वाटतं. हा गोंधळ कितीही समजावून सांगितला तरी निघत नाही. चालून पाहिल्यावर निघतो.

सोसायटीच्या गेटपाशी किंवा मैदानाच्या कडेला एक रेघ मारावी. ही रेघ म्हणजे आज. इथून एक पाऊल मागे म्हणजे एक लाख वर्षं. पाऊल साधारण ६० सेंटिमीटरचं धरलं, तर शिवराज्याभिषेक रेघेपासून जेमतेम २ मिलिमीटरवर येतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची पहिली घरं, म्हणजे सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, २ सेंटिमीटरवर. आपल्यासारखी माणसं, म्हणजे आजचा मानव, अवतरतो तिसऱ्या पावलावर. सहाव्या पावलाच्या अलीकडे आकाशातून एक अशनी येऊन बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं विवर पडतं. पंधराव्या पावलावर चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कम इथे कुणीतरी दगडी हातकुऱ्हाड घडवतं. तेहतिसाव्यावर केनियातली, आजवर सापडलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारं.

त्यानंतर मुलांना नुसतं चालू द्यावं. पन्नास, शंभर, दोनशे, चारशे. वाटेत कुठेही माणूस नाही. ६६० पावलं झाली की थांबायचं. इथे सह्याद्रीचा लाव्हा वाहतो आहे आणि डायनोसॉरचा शेवट जवळ आला आहे. अंतर भरतं सुमारे ४०० मीटर, धावपट्टीची एक पूर्ण फेरी. ज्यांच्या पायांत अजून जोर आहे त्यांनी पुढे जावं. सिरोंच्याजवळ प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेला बारापासॉरस हा डायनोसॉर भेटायला सतराशे-अठराशे पावलं लागतात. त्याचं नाव १९७५ मध्ये ठेवलं गेलं. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि त्याच्या पूर्ण नावात रवींद्रनाथ टागोरांचं नाव गुंफलेलं आहे.

प्रत्येक टप्प्यावर एक मूल उभं करून त्याच्या हातात पाटी द्यावी. जिथे पाट्यांची गर्दी होते आणि जिथे मोकळं मैदान पसरतं, ते पाहून मोठी माणसंही गप्प होतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना जमेल असा हा खेळ आहे आणि त्याला अर्धा तास पुरतो.

काळा दगड वाचायचा

महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो बेसॉल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हे थर आहेत.

गावी जाताना घाट लागतोच. गाडी सुरक्षित जागी थांबवून समोरचा कडा मुलांना पाहू द्यावा. दोन काळ्या थरांच्या मधोमध अनेक ठिकाणी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर माती तयार व्हायला वेळ मिळाला आणि मग पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली, त्या मधल्या उसंतीची ही खूण. असे पट्टे मोजायचे, वहीत कड्याचं चित्र काढायचं आणि लाल पेन्सिलीने पट्टे भरायचे. रस्त्याकडेला पडलेल्या दगडात बारीक भोकं असतात, ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची. काही भोकांत पांढरे, हिरवट स्फटिक भरलेले असतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग सोबत असेल तर या भोकांत तासभर सहज जातो. नाशिककडे जाणाऱ्यांना सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात अशाच पोकळ्यांतून निघालेले मोठमोठे स्फटिक पाहता येतात.

मुंबईकरांना तर घाटापर्यंतही जायला नको. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे एकमेकांना चिकटून उभे असलेले बेसॉल्टचे उंच खांब आहेत. लाव्हा हळूहळू थंड होताना आकसला आणि असा खांबाखांबांत तडकला. टेकडीची उंची सुमारे ६० मीटर. वरच्या देवळापर्यंत पायऱ्या आहेत. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, छोट्या बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. समुद्रकिनारी बसून भेळ खाता खाता ही गोष्ट सांगितली की मुलं मागे वळून टेकडी शोधतात.

लोणार दूर वाटत असेल तर घरीच एक विवर पाडता येतं. परातीत चार बोटं मैदा पसरावा, वर कोको पावडरचा पातळ थर द्यावा आणि वेगवेगळ्या उंचीवरून गोटी सोडावी. गोटी जितक्या उंचावरून पडेल तितका खड्डा मोठा होतो आणि आतला पांढरा मैदा उडून कडेला किरणांसारखा पसरतो. लोणारला हेच सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं आहे आणि तेही बेसॉल्टमध्ये, जे जगात फार कमी ठिकाणी आढळतं.

उत्खनन: उकरण्याआधी लिहायचं

मुलांना खणायला आवडतं. त्या आवडीला शिस्तीची जोड दिली की खेळाचं उत्खनन होतं.

लाकडी खोकं, जुना टब किंवा अंगणातला मीटरभर लांबरुंद खड्डा घ्यावा. तळाशी वाळू, त्यावर काळी माती, त्यावर राख मिसळलेली माती, असे तीन थर भरावेत. तळच्या थरात कोंबडीची उकळून स्वच्छ केलेली हाडं आणि शंख पुरावेत. मधल्या थरात फुटक्या कुंडीची खापरं, मणी आणि जळक्या लाकडाचे तुकडे. वरच्या थरात एखादं नाणं आणि बाटलीचं झाकण. भरणारी मंडळी वेगळी आणि खणणारी वेगळी, हे महत्त्वाचं. मोठ्या भावंडांनी धाकट्यांसाठी भरलं तर सर्वांत उत्तम.

खड्ड्यावर सुतळीने चौकटी आखायच्या. प्रत्येक चौकटीला नाव द्यायचं: अ१, अ२, ब१. हत्यारं म्हणजे छोटी थापी, रंगाचा जुना ब्रश, सुपली आणि चाळणी. आणि एकच नियम: वस्तू दिसली की लगेच उचलायची नाही. आधी तिच्याभोवतीची माती ब्रशने बाजूला करायची, ती कुठल्या चौकटीत आहे आणि किती खोल आहे ते मोजून वहीत लिहायचं, चित्र काढायचं, मग उचलायचं. घाईघाईने ओढून काढलेलं खापर म्हणजे नुसतं खापर. कुठे, किती खोल आणि कशाशेजारी सापडलं हे लिहिलेलं खापर म्हणजे पुरावा. हा फरक आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पुरता कळतो.

शेवटी प्रत्येक गटाने आपल्या खड्ड्याची गोष्ट सांगायची. आधी कोण राहत होतं? ते काय खात होते? राख कशामुळे आली?

असे प्रश्न इनामगावात खरोखरच विचारले गेले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या जागी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. सुरुवातीची घरं ऐसपैस, चौकोनी. शेवटच्या काळातली छोटी, गोल. पाऊसमान घटलं आणि शेतकऱ्यांना हलाखीचे दिवस आले, असा निष्कर्ष ढवळीकरांनी यावरून काढला. थोड्या मोठ्या मुलांना हे सांगून विचारावं: फक्त जमिनीतली खांबांची भोकं पाहून घर गोल होतं की चौकोनी, हे कसं ओळखाल? मग अंगणात काठ्या रोवून, सुतळी बांधून, जुन्या चादरी टाकून एक गोल झोपडी उभी करावी आणि दुसऱ्या दिवशी ती मोडून नुसती भोकं ठेवावीत. शेजारच्या मुलांना बोलावून ओळखायला लावावं.

इनामगावात लहान बाळांना दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून, घरातल्याच जमिनीखाली पुरलेलं आढळलं. ही गोष्ट कुठल्या वयाच्या मुलाला सांगायची, ते पालकांनी ठरवावं. दहा-बारा वर्षांची मुलं मात्र ती शांतपणे ऐकतात आणि त्यांच्याकडून येणारे प्रश्न फार समजूतदार असतात.

माती, रंग आणि जव

संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून नाव पडलेल्या, इनामगावातही आढळलेल्या जोर्वे संस्कृतीची मडकी लाल रंगाची असतात. त्यांवर काळ्या रंगात त्रिकोण, चौकटी आणि तिरप्या रेघांची नक्षी असते. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर टणकन वाजतात.

घरी तितकं पक्कं भांडं होणार नाही, पण प्रयत्न करण्यासारखा आहे. जवळच्या कुंभाराकडून तयार माती आणावी. तिच्यात चाळलेली बारीक वाळू किंवा खापरांची भुकटी मळावी, म्हणजे तडे कमी जातात. वाटीएवढंच भांडं करावं, सगळीकडे सारख्या जाडीचं. आठवडाभर सावलीत वाळवावं. ओलावा राहिला तर भाजताना भांडं फुटतं, म्हणून घाई अजिबात नको. भाजायचं ते मोकळ्या जागी, सकाळच्या वेळी, वारा नसताना. खाली पाचट आणि भुसा, मध्ये भांडी, चहूबाजूंनी आणि वरून गोवऱ्या रचायच्या. पेटवायचं काम मोठ्यांचं. पाण्याच्या दोन बादल्या हाताशी हव्यात आणि मुलं किमान पाच-सहा पावलं लांब. विझल्यावर लगेच उकरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच हात लावायचा. ज्या बाजूला हवा पोचली नाही तिथे भांडं काळं पडलेलं दिसेल. ते का झालं असेल, हे मुलांनीच शोधावं.

भांडी वाळेपर्यंत रंग करता येतात. गेरूचा खडा ओबडधोबड दगडावर थोडं पाणी घालून उगाळला की लाल रंग निघतो. कोळशाचा काळा आणि शाडूच्या मातीचा पांढरा. चिकटपणासाठी डिंकाचं पाणी. खायचा चुना मात्र वापरू नये, तो डोळ्यांत गेला तर इजा होते. हाताचा ठसा उमटवायचा असेल तर तळवा कागदावर ठेवून जुन्या टूथब्रशने भोवती रंग उडवावा. तोंडाने रंग फुंकायला मुलांना देऊ नये.

एका जुन्या शहाबादी फरशीवर रोज एका मुलाने चित्र काढायचं, आधीच्या चित्रावरच. चार दिवसांनी पाहुण्याला बोलावून विचारायचं की आधी कुणी काढलं, नंतर कुणी. भोपाळजवळच्या भीमबेटकासारख्या ठिकाणी अभ्यासकांना नेमकं हेच करावं लागतं, कारण तिथे एकाच भिंतीवर वेगवेगळ्या काळातली चित्रं एकावर एक आहेत.

जेवणाचा बेतही त्या काळाला धरून करता येतो. इनामगावच्या लोकांचं मुख्य धान्य जव. जोडीला मसूर, वाटाणा आणि कुळीथ. किराणा दुकानात किंवा पूजेच्या सामानात जव मिळतात. ते तव्यावर खमंग भाजून पाट्यावर वरवंट्याने भरडायला मुलांना बसवावं. मूठभर पीठ करायला किती घाम गाळावा लागतो, ते दहा मिनिटांत कळतं. या पिठात गूळ आणि पाणी कालवलं की पौष्टिक खाणं तयार. रताळी आणि बटाटे त्या काळातले नसले तरी विस्तवाच्या फुफाट्यात पुरून भाजावेत. नदीतले गोटे मात्र आगीत टाकू नयेत. त्यांच्या आत पाणी मुरलेलं असतं आणि तापल्यावर ते फुटून कपच्या उडतात.

दगडाची हत्यारं घडवायचा मोह होतोच. दगड फोडताना काचेसारख्या धारदार कपच्या उडतात, म्हणून हे काम मुलांनी करू नये. त्याऐवजी कपडे धुण्याच्या साबणाची वडी द्यावी आणि आइस्क्रीमच्या काडीने तिची हातकुऱ्हाड कोरायला सांगावी. दोन्ही बाजू सारख्या, एका टोकाला निमुळती, तळहातात नीट बसेल अशी. मोठ्या मुलांना गोफण शिकवता येते. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगातल्या वस्त्यांमध्ये गोफणीचे गोटे सापडले आहेत आणि पाखरं हाकायला शेतकरी कालपरवापर्यंत तीच गोफण फिरवत होते. दगडाऐवजी चिंध्यांचा चेंडू आणि समोर मोकळं मैदान असलं की झालं.

अंधारात दोन गारगोट्या

हा खेळ रात्रीचा. नदीकाठी किंवा शेताच्या बांधावर मिळणाऱ्या मुठीएवढ्या दोन पांढऱ्या गारगोट्या घ्याव्यात. मिट्ट काळोख असलेल्या खोलीत किंवा गच्चीवर बसावं. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्यावीत आणि मग त्या एकमेकींवर जोर देऊन घासाव्यात. दगडाच्या आत नारिंगी-पिवळा उजेड लुकलुकतो. बाहेर उडणारी ठिणगी नव्हे, आतून उजळणारा प्रकाश. घासलेल्या जागी एक करपट वास येतो. पाण्याने भरलेल्या पातेल्यात हात बुडवून घासल्या तरी उजेड पडतोच, आणि ते पाहून मुलं ओरडतात.

गारगोटीतले स्फटिक घासताना तुटतात आणि त्या तुटण्यातून हा प्रकाश निघतो. त्याने काही पेटत नाही. आगीसाठी वेगळी युक्ती लागते. जुन्या पिढीतल्या शेतकऱ्यांच्या बटव्यात असलेली चकमक म्हणजे गारगोटी आणि पोलादाचा तुकडा. ठिणगी पडते ती पोलादाची. लोखंड हाती येण्याआधी माणसाने लाकडावर लाकूड घुसळून आग काढली. घरात कुणी आजोबांनी चकमक पाहिली असेल तर त्यांना याच रात्री बोलतं करावं. घासताना डोळ्यांवर चष्मा किंवा गॉगल हवा आणि टोकदार दगड नकोत.

सड्यावरचा हत्ती

बाहेरगावी एकच सहल करायची असेल तर ती कोकणातल्या कातळशिल्पांची करावी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जांभ्या सड्यांवर माणसं, मासे, वाघ, हत्ती आणि न उलगडलेल्या चौकटी कोरलेल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून ती शोधली आणि लोकांपर्यंत पोचवली. २०२२ मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस आहे. देवीहसोळला देवळाजवळच मोठी चौकट आहे. देवाचे गोठणे इथे जाताना साधं होकायंत्र जरूर न्यावं. तिथल्या मानवाकृतीपाशी कातळावर ते ठेवलं की सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते, आणि दोन पावलं बाजूला नेलं की बदलते. मुलांनी जागा बदलून प्रत्येक वेळी सुईची दिशा वहीत काढावी. रत्नागिरी शहरातून उक्षी आणि जांभरुण एका सकाळीत होतात. सड्यावर कोरलेल्या प्राण्यांत गेंडाही आहे. आज तो महाराष्ट्राच्या जंगलात कुठेच नाही, मग कोरणाऱ्याने तो कुठे पाहिला असेल, यावर परतीचा सगळा प्रवास गप्पा होतात.

गोव्यात जाणाऱ्यांनी सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठचं उसगाळीमळ पाहावं. तिथे बैल, हरणं आणि एक गोल गोल फिरत जाणारा चक्रव्यूह नदीकाठच्या कातळावर आहे.

वेळ महत्त्वाची. सकाळी साडेसहा ते साडेआठ, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. तेव्हा ऊन तिरपं असतं आणि उथळ रेघांतही सावली पडते, म्हणून चित्र उठून दिसतं. भर दुपारी तेच चित्र कातळात हरवतं आणि सडाही तापतो. चित्रावर पाय ठेवू नये, रेघांत खडू किंवा रांगोळी भरू नये, पाणी ओतू नये. गावातल्या माणसाला सोबत घ्यावं. त्याला योग्य मोबदला द्यावा आणि जेवण गावातच करावं. ही चित्रं टिकायची असतील तर ती ज्यांच्या जमिनीत आहेत त्यांना त्यांचा उपयोग व्हायला हवा.

सड्यावर फुरसं असतं, हे विसरून चालणार नाही. पायात बूट हवेत. चिऱ्यांच्या गडग्यात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही. कुणाला चावलंच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जायचं.

कोकणात जाणं जमलं नाही तर कशेळीचा हत्ती मैदानावर उतरवावा. वहीवर चौकटी आखून हत्तीचं चित्र काढायचं, मैदानावर १८ बाय १३ मीटरचा आयत सुतळीने आखून त्यात मीटर-मीटरच्या चौकटी पाडायच्या आणि एकेका चौकटीतली रेघ रांगोळीने उतरवायची. वीस मुलं असली तरी सगळ्यांना काम पुरतं. पूर्ण झाल्यावर गच्चीवर जाऊन पाहायचं. जमिनीवर उभं राहून जो दिसतच नव्हता, तो हत्ती वरून एकदम दिसतो, आणि कोरणाऱ्यांनी वरून न पाहता तो कसा साधला, हा प्रश्न आपोआप पडतो.

विदर्भात आणि राज्याबाहेर

नागपूरजवळच्या जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. ही लोहयुगातली दफनं. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनी त्यांची नोंद प्रसिद्ध केली. सुतळीने वर्तुळाचा घेर मोजायचा आणि त्यावरून व्यास काढायचा, हे सहावी-सातवीच्या मुलांचं गणित तिथेच होतं. मे महिन्यात सूर्य उगवताना पोचून आठच्या आत निघावं. गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेली झाडं आहेत, पण तिथली सहल हिवाळ्यासाठी राखून ठेवलेली बरी.

गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रैयोलीला डायनोसॉरची अंडी आणि हाडं मोठ्या संख्येने मिळाली. २००३ मध्ये नाव मिळालेला राजासॉरस इथलाच. २०१९ पासून तिथे संग्रहालय आहे. भोपाळजवळचं भीमबेटका १९५७ मध्ये वि. श्री. वाकणकरांनी जगासमोर आणलं. २००३ मध्ये ते जागतिक वारसा झालं. नीमचमध्ये जन्मलेल्या या मराठी संशोधकाचा जन्मदिवस ४ मे, म्हणजे ऐन सुट्टीत येतो. शैलाश्रयांत सावली असल्याने सकाळी तिथे मुलांचे हाल होत नाहीत. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाला आधी फोन करून वेळ ठरवून जावं. इनामगावची गोष्ट ऐकून गेलेली मुलं तिथली खापरं वेगळ्या नजरेने पाहतात.

सापडलं तर?

खरोखरीच्या जागी फिरताना कधीतरी मुलाच्या हाती काही लागतं. नांगरलेल्या शेतात, ओढ्याच्या काठी, जुन्या गावठाणाच्या पांढरीच्या टेकाडावर खापरं आणि दगडी पाती पडलेली असतात. ती खिशात घालायची नाहीत. संरक्षित जागेवरून काही उचलणं किंवा तिथे उकरणं हा कायद्याने गुन्हा आहे. मोजपट्टी किंवा पेन शेजारी ठेवून फोटो काढावा, फोनवरून जागेची नोंद करावी आणि वस्तू होती तिथेच ठेवावी. काही विशेष वाटलं तर तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावं.

दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं खोड खणताना एका गावकऱ्याला ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडले. भरीव, आणि एकूण वजन ६० किलोच्या वर. ते मोडीत गेले नाहीत, अभ्यासकांपर्यंत पोचले, म्हणून प्रवरेकाठच्या या गावाचं नाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या काही घरांत पूजले जाणारे गोल दगड डायनोसॉरची अंडी असल्याचं अभ्यासकांनी २०२३ मध्ये ओळखलं. त्याच वर्षी नर्मदेच्या खोऱ्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला.

सुट्टीचं वेळापत्रक आखताना ऊन आणि पाऊस दोन्ही लक्षात घ्यावेत. एप्रिलअखेर आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात घरचे खेळ: पावलांचा काळ, उत्खनन, रंग, गारगोट्या. कोकणची सहल मे संपण्याआधी उरकावी, कारण पाऊस पडला की सड्यावर पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि उसगाळीमळचा कातळ कुशावतीच्या पाण्याखाली जातो. भांडी भाजायचं कामही त्याआधीच. जूनमधले पावसाळी दिवस संग्रहालयांसाठी ठेवावेत. रोज सकाळी टोपी, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, दर माणशी किमान दोन लिटर पाणी, सोबत ताक किंवा कोकम सरबत आणि ओआरएसची दोन पाकिटं पिशवीत हवीत. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी प्रत्येक मुलाची स्वतःची असावी.